इंजिनाच्या आवाजाआड

जुलै महिन्यात मेक्सिकोच्या वाळवंटातल्या मेहिकालीत कुणी आपण होऊन गाडी आतून सोलायला घेत नाही. त्या दिवसांत माझ्याकडे येतात ती किरकोळ कामं. कुणाच्या सीटचं कव्हर उसवलेलं असतं, कुणाच्या छताचं कापड गोंद वितळून डोक्यावर आलेलं असतं. त्यामुळे फेर्मिन वेर्दुगो आपली व्हॅन घेऊन आला आणि म्हणाला की जमिनीपासून छतापर्यंत सगळी आतून बांधून दे, उष्णता आणि आवाज दोन्ही आत येता कामा नये, तेव्हा मी त्याला ऑक्टोबरात ये म्हणून सांगितलं.

"ऑक्टोबरपर्यंत यातले दोन तरी मरतील," तो म्हणाला.

फेर्मिन कायम ओरडून बोलतो. बावीस वर्षं तीच व्हॅन चालवून त्याचा उजवा कान गेला आहे. हे वाक्यही त्याने रस्त्यापलीकडच्या चिनी खानावळीत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हटलं.

तो आठवड्यातून तीनदा, मंगळवारी, गुरुवारी आणि शनिवारी, सान फेलिपेहून पाच माणसांना मेहिकालीच्या इस्पितळात डायलिसिसला आणतो. पहाटे निघायचं, सातला सुया टोचून घ्यायच्या, अकराला सुटायचं आणि भर दुपारी एकशे नव्वद किलोमीटर मागे जायचं. मधे मिठाची मैदानं आहेत, तिथे सावली म्हणजे विजेच्या खांबाची, बोटभर रुंद. व्हॅन जुनी अमेरिकन. तिचं इंजिन पुढे नाकाडात नसतं, ते ड्रायव्हरच्या मांडीला लागून, गाडीच्या आतच, एका पेटीसारख्या झाकणाखाली असतं. एसी आहे, पण त्या इंजिनापुढे तो काय करणार.

"एसी म्हणजे जळत्या चुलीवर फुंकर," फेर्मिन म्हणाला. "आणि यांना पाणी प्यायची बंदी आहे, उस्ताद. दिवसाला तीन पेले. लघवी होत नाही, प्यालेलं सगळं अंगात साठतं, फुप्फुसात जातं. आता तूच सांग, माझ्या गाडीत बसून तीन पेल्यांवर कोण राहील?"

मी उष्णतामापक घेऊन आत शिरले. इंजिनाच्या झाकणावर चौसष्ट अंश होते आणि त्यामागच्या पहिल्या बाकड्याखाली, जिथे पाय टेकतात तिथे, बावन्न. जमिनीवरच्या रबरी चटईत एका चपलेचा तळ वितळून चिकटला होता, नक्षीसकट.

"हे कुणाचं?"

"लेओकादियाबाईंचं. पहिल्या बाकावर त्या आणि एलिहियो म्हातारा. दोघांचेही गुडघे गेलेत, मागे चढता येत नाही."

मी त्याला रविवारी पहाटे यायला सांगितलं. व्हॅन फक्त दोन दिवस मोकळी होती, रविवार आणि सोमवार.

हे काम मला वडिलांनी शिकवलं. ते गेल्यावर दुकान मी चालवते, पाटीवर नाव अजून त्यांचंच आहे. रविवारी आम्ही पाचला सुरुवात केली, कारण नऊनंतर रबराचा तुकडा हातातून सुटला की जिथे पडेल तिथेच बसतो, उचलून पुन्हा लावता येत नाही. आधी सीट काढल्या, मग चटई, मग तिच्याखालचा नमदा, दाबलेल्या लोकरीचा थर. नमदा समुद्राचं पाणी पिऊन कुजला होता आणि त्यातून कोळंबीच्या सालींचा वास आला. खाली वाळू निघाली, दोन बादल्या भरून. इंजिनाच्या पुढच्या पत्र्यात सात भोकं होती, वायरी जाण्यासाठी केलेली आणि नंतर कुणीही न बुजवलेली. इंजिनाच्या झाकणाची कडेची रबरी पट्टी वाळून लाकूड झाली होती. आवाज मुख्यतः तिथूनच येत होता. लोक जाड चटया टाकतात आणि फटी तशाच ठेवतात. खिडकी उघडी टाकून भिंत जाड करण्यातला तो प्रकार.

फेर्मिन मदतीला होता. पत्रा घासून स्पिरिटने पुसायचा, मग काळं चिकट रबर, त्यावर अॅल्युमिनियमचा पापुद्रा असलेलं, लाटण्यासारख्या रुळाने दाबून बसवायचं. पत्र्यावर बोटाने मारलं तर आधी टण्ण वाजतं आणि रबर बसल्यावर धप. तो प्रत्येक पत्रा मारून बघत होता आणि डावा कान जवळ नेत होता.

"धप," तो म्हणायचा. "हा मेला."

रबरावर फोम, सांध्यावर पट्टी. झाकणाला आतून भट्टीला लावतात तसली पांढरी लोकर आणि तिच्यावर पातळ पत्रा. छताला चंदेरी फोम, दारांच्या पोटात तेच. खिडक्यांसाठी मी कापून पडदे केले, पार्क केल्यावर लावायचे. सोमवारी संध्याकाळी सहाला सीट परत बसल्या. फेर्मिनने इंजिन चालू केलं आणि पुन्हा किल्ली फिरवली, कारण चालू झालंय हे त्याला कळलं नाही. स्टार्टर खरवडला. त्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं जणू मी त्याची गाडीच बदलली होती.

मंगळवारी परतीच्या फेरीला मी बरोबर गेले. काम झाल्यावर एकदा लांबच्या रस्त्यावर बसून ऐकावं लागतं, कुठे खडखड उरलीय, कुठलं अस्तर टिकटिकतंय. इतकी वर्षं मोठ्या आवाजाखाली दबलेले लहान आवाज आता वर येतात. मी ड्रायव्हरशेजारच्या सीटवर बसले. माझ्यामागे खिडकीशी लेओकादियाबाई, त्यांच्याशेजारी एलिहियो मुरियो. मागे यादिरा नावाची शाळामास्तरीण आणि दोन भाऊ, ते दोघे बसल्या बसल्या झोपले.

लेओकादियाबाई साठीच्या पुढच्या, ठेंगण्या, केस घट्ट बांधलेले. त्यांनी चपला काढून पाय जमिनीवर टेकवले आणि तसेच ठेवले.

"पोरी, हे तू केलंस?"

"हो."

"नर्स दर खेपेला ओरडते, बाई, चार किलो पाणी घेऊन आलात. म्हटलं, पायाखाली चूल पेटवता आणि पाणी पिऊ नका म्हणता. ये तू एकदा बसून बघ."

"आली का ती?"

"नर्स कुठे येतेय."

शहर मागे पडलं. फेर्मिन नव्वदने चालवत होता. टायरांचा आवाज होता, वारा होता आणि इंजिन कुठेतरी शेजारच्या घरात चालू असल्यासारखं. यादिराने बाटलीचं झाकण फिरवलं तेही ऐकू आलं.

"आज बोलत नाही तुम्ही," लेओकादियाबाई म्हणाल्या.

त्या एलिहियोशी बोलत होत्या. तो सत्तरीचा, उंच, हडकुळा. आयुष्यभर कोळंबीच्या बोटींवर इंजिन सांभाळलेला माणूस. त्याची टोपी मांडीवर होती.

"काय बोलायचं," तो म्हणाला.

"इतके दिवस बरं सापडायचं. दोन वर्षं माझ्या कानाशी बोलताय. मला एक अक्षर ऐकू येत नव्हतं. ओठ हलायचे, मी मान डोलवायचे. म्हातारा माणूस, वाईट वाटायला नको. आज ऐकू येतंय तर मिठाची गुळणी धरून बसलात."

"मला वाटायचं ते जपमाळ ओढतात," मागून यादिरा म्हणाली.

फेर्मिन हसला. एलिहियो हसला नाही.

"हवापाण्याचं बोलायचो," तो म्हणाला.

"हवापाण्याचं बोलताना कुणी डोळे पुसत नाही. तेवढं दिसायचं मला."

 मी उजव्या दाराकडे कान लावला होता. वरच्या बिजागरीजवळ काहीतरी टिकटिकत होतं. मिठाची मैदानं सुरू झाली होती, दोन्ही बाजूंना पांढरं, आणि लांबवर पाणी असल्यासारखी थरथर.

"निकानोरचं सांगायचो," एलिहियो म्हणाला.

निकानोर म्हणजे लेओकादियाबाईंचा नवरा. हे मला तेव्हा माहीत नव्हतं, पण फेर्मिनने वेग कमी केला त्यावरून काहीतरी आहे एवढं कळलं. एकोणीस वर्षांपूर्वी मार्चमधल्या वादळी वाऱ्यात तो 'सांता इफिहेनिया' या बोटीवरून समुद्रात पडला होता. मृतदेह मिळाला नाही. बोटीवर चौघे होते, दोघे झोपलेले, खाली इंजिनापाशी एलिहियो. चौकशीत त्याने सांगितलं होतं की इंजिनाच्या आवाजात काही ऐकू आलं नाही. ते कुणालाही पटण्यासारखं होतं. त्या बोटींच्या इंजिनापाशी माणसाला स्वतःचा खोकला ऐकू येत नाही.

"काय सांगायचात?"

"की मला ऐकू आलं होतं."

लेओकादियाबाईंनी पाय उचलून चपलांत घातले.

"सकाळी आमचं भांडण झालं होतं," एलिहियो म्हणाला. तो हळू बोलत होता, आणि त्या गाडीत आता हळू बोललेलंही शेवटच्या बाकापर्यंत जात होतं. "पत्त्यांवरून. मी खोटं खेळतो म्हणाला, सगळ्यांसमोर. मी दिवसभर त्याच्याशी बोललो नाही. मग खाली असताना, इंजिन मंद ठेवलं होतं तेव्हा, हाक आली. माझ्याच नावाने. वाटलं, जेवायला बोलावतोय, समेट करायचाय त्याला. म्हटलं, मारू दे हाका. दमेल."

"किती वेळा मारली?"

"तीनदा."

"एलिहियो म्हणून?"

"एलिहियो म्हणून."

"आणि मग?"

"मग थांबला. मी इंजिन पुसत बसलो. अर्ध्या तासाने वर आलो तर तो नाही."

लेओकादियाबाईंनी बाहेर बघितलं. मग म्हणाल्या, "फेर्मिन, गाडी थांबव."

त्याने थांबवली. त्यांना शेवटच्या बाकावर बसायचं होतं. आम्ही दोघांनी धरून त्यांना चढवलं. गुडघे वाकत नव्हते, त्यांना दुखलं असणार. उरलेले साठ किलोमीटर गाडीत फक्त ती टिकटिक होती. सान फेलिपेला पोहोचल्यावर मी बिजागरीपाशी पट्टीचा तुकडा सरकवला, ती बंद झाली. मग मी बसने घरी परत आले.

गुरुवारी साडेसातला फेर्मिन दुकानात आला. माणसांना इस्पितळात सोडलं की अकरापर्यंत त्याला काम नसतं. त्याने टेबलावर बुरितोची पुडी ठेवली आणि उघडली नाही.

"काढून टाक ते सगळं," तो म्हणाला.

"काय झालं?"

"म्हातारा आला नाही. दार वाजवलं तर आतून म्हणतो, ताप आहे. कसला ताप. बाईंच्या समोर बसायचं नाही त्याला."

"मग रबर काढून काय होणार? बोललेलं परत जाणार आहे?"

"निदान पुन्हा कुणी बोलणार नाही."

मी त्याला विचारलं, आज लेओकादियाबाईंचं वजन किती भरलं. तो पुडीचा कागद चुरगाळू लागला.

"किती, फेर्मिन?"

"अडीच किलो वर होतं. नेहमी चार असतं."

"मग मी काही काढत नाही."

"तू दगड आहेस, उस्ताद."

असेन. पण मी त्या जमिनीचं तापमान मोजलं होतं. मी त्याला कॉफी दिली आणि समोरच्या गाडीच्या सीटला टाके घालायला घेतले. खरं सांगायचं तर त्या दिवशी मी दोनदा टाके उसवून पुन्हा घातले.

डायलिसिस एकदा चुकलं तर माणूस सुजतो. दोनदा चुकलं तर झोपता येत नाही, आडवं झालं की छातीत पाणी चढतं. हे फेर्मिनलाही माहीत होतं. शनिवारी पहाटे तो पुन्हा एलिहियोच्या दारात गेला. या वेळी म्हाताऱ्याने दार उघडलं. खुर्चीत बसून रात्र काढली होती, बोटं इतकी फुगली होती की अंगठी रुतली होती. चल म्हटलं तर मान हलवली. मुलगी एन्सेनादाला असते, तिला सांगू नकोस म्हणाला. फेर्मिनने तिला फोन केला, पण कामावरून सुटून तिथून यायला तिला दिवस लागणार होता.

मग तो गाडीत येऊन बसला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "दुसरी वेळ चुकतेय. तिसरी येणार नाही."

शेवटच्या बाकावर लेओकादियाबाई खिडकीबाहेर बघत राहिल्या. जातानाही, येतानाही. दुपारी दोन वाजता गाडी सान फेलिपेत शिरली, तेव्हा त्या म्हणाल्या, "आधी त्याच्या घरी घे."

त्या एकट्या आत गेल्या. यादिराला आणि दोघा भावांना फेर्मिनने तोवर घरी सोडलं. तो परत आला तेव्हा एलिहियो दाराच्या चौकटीला धरून उभा होता, पायात एकच बूट, दुसरा पाय बुटात मावत नव्हता. लेओकादियाबाई त्याची पिशवी घेऊन मागे उभ्या होत्या. चार तास रक्त धुऊन आलेली बाई, तोंडाला रंग नाही.

"बाई, तुम्ही घरी जा," फेर्मिन म्हणाला. "मी नेतो याला."

"मी येते. वाटेत हा उतरेल कुठेतरी. मी ओळखते याला."

पुन्हा एकशे नव्वद किलोमीटर. दोघे पहिल्या बाकावर. फेर्मिन सांगतो, म्हाताऱ्याच्या श्वासाची घरघर तेवढी ऐकू येत होती आणि ती ऐकत त्याने एकशे वीसने गाडी हाकली. बाहेर सत्तेचाळीस अंश होते. इस्पितळात त्याला थेट आत घेतलं.

फेर्मिनने मला फोन केला आणि लेओकादियाबाईंना मी माझ्या घरी आणलं. त्या रात्री परत जाण्याची त्यांची ताकद नव्हती. मी अंडं आणि मैद्याच्या तोर्तिया केल्या, मिठाशिवाय. त्यांनी स्वतः अर्धा पेला पाणी मोजून घेतलं आणि ते घोट घोट करून तासभर पुरवलं.

"काय म्हणालात त्यांना?" मी विचारलं.

"आधी शिव्या दिल्या. एकोणीस वर्षांच्या." त्यांनी पेला खाली ठेवला. "मग म्हटलं, तू मेलास की मला उरलेलं कोण सांगणार? त्या दिवशी त्याला शेवटचं बघितलेला तू. त्याने काय खाल्लं, अंगात कोणता सदरा होता, हे मला कुणी सांगितलंच नाही. सगळे म्हणायचे, इंजिनाचा आवाज, इंजिनाचा आवाज. मला वाटायचं, निदान कुणाला ऐकू तरी आलं नाही. त्यात एक बरं वाटायचं बघ. तेही या माणसाने घेतलं."

"माफ केलंत?"

त्यांनी माझ्याकडे मी लहान पोर असल्यासारखं पाहिलं.

"कशाला?" त्या म्हणाल्या. "गाडीत बस म्हटलंय फक्त."

एलिहियो पाच दिवस इस्पितळात होता. पुढच्या शनिवारी तो पुन्हा व्हॅनमध्ये आला. बसताना त्याने लेओकादियाबाईंकडे पाहून शेवटच्या बाकाकडे बोट केलं, मी तिकडे जातो अशा अर्थाने. त्यांनी शेजारची जागा थोपटली.

तेव्हापासून त्यांनी एक पद्धत ठेवली. एका फेरीत एकच प्रश्न. हे मला फेर्मिन सांगायचा, दर खेपेला, बुरितो खाताना. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, जेवला होता का. एलिहियो म्हणाला, हो, तळलेला मासा आणि भात, दुपारी मी बनवलेला, आणि मीठ जास्त झालंय म्हणून बोलला. मग सदरा. मग आदल्या रात्री झोपला होता का. मग घरचं काही बोलला होता का. त्याला आठवत नसेल तर तो आठवत नाही असं सांगायचा. तेव्हा त्या रागवायच्या, पण तो प्रश्न मोजायच्या नाहीत, दुसरा विचारायच्या. एकदा त्यांनी विचारलं, तू पत्त्यात खरंच खोटं खेळत होतास का. एलिहियो म्हणाला, खेळत होतो.

"आणि त्या हसल्या," फेर्मिन म्हणाला. "मोठ्याने. मी आरशात बघितलं."

त्याने रबर काढायचं नाव पुन्हा घेतलं नाही. उलट ऑक्टोबरात मागच्या दाराच्या पट्ट्या बदलायला आला, तिथून सूं असा आवाज येतो म्हणून. मी म्हटलं, तुला ऐकू येतो? तो म्हणाला, लेओकादियाबाईंना येतो, आणि त्यांनी बोलणी ऐकवल्याशिवाय सोडलं नाही.

जानेवारीत एका मंगळवारी हवा इतकी थंड होती की मी दुकानात शेगडी लावली होती. फेर्मिन म्हणाला, आज येतेस का, डावीकडे काहीतरी वाजतंय. मी गेले. काही वाजत नव्हतं. त्याला एकट्याने तिकडे जायचं नव्हतं, एवढंच. सान फेलिपेच्या अलीकडे एक कच्चा रस्ता समुद्राकडे वळतो. त्याने तिथे गाडी वळवली आणि वाळू सुरू होते तिथे उभी केली.  सगळ्यांना आधीच माहीत होतं असं दिसलं.

लेओकादियाबाई उतरल्या. त्यांच्यामागून एलिहियो, काठी टेकत. भरती ओसरली होती, पाणी लांब गेलं होतं आणि ओल्या वाळूवर पक्षी चालत होते. क्षितिजावर एक एकटा पांढरा खडक दिसत होता.

"कुठे होती बोट?" त्यांनी विचारलं.

त्याने काठी उचलली. दुसऱ्या हाताने मनगट धरून ती समुद्राकडे रोखली.

"खडकाच्या डावीकडे. आणखी थोडं. तिथे आम्ही उत्तरेला तोंड करून होतो."

"तो कुठल्या बाजूला होता?"

"हे दोन प्रश्न झाले," एलिहियो म्हणाला.

"सांग."

"या बाजूला. गावाकडच्या."

त्या तिथे उभ्या राहिल्या. वाऱ्याने डोक्यावरचा रुमाल उडायला लागला तो त्यांनी हातात घेतला. एलिहियो दोन पावलं मागे होता. त्याने काठी खाली केली नव्हती, ती अजून तिकडेच दाखवत होता, आणि दमल्यावर हात बदलला.

गाडीत यादिराने काच खाली केली. लाटांचा आवाज आत आला. भावांपैकी एकाने टोपी काढली, दुसऱ्याने त्याच्याकडे बघून काढली.

दहा मिनिटं झाली असतील. लेओकादियाबाई वळल्या आणि म्हाताऱ्याच्या हातावर हात ठेवून त्याची काठी खाली केली.

"बस झालं," त्या म्हणाल्या. "तुझा खांदा दुखेल उद्या, मग मलाच ऐकवशील."